फाल्गुनातल्या काळोखात, येवल्याच्या माळावर

साल १८८३. शके १८०४ चा फाल्गुन सरत आला आहे. होळीची राख वाऱ्यावर गेली, अमावास्या दोन दिवसांवर आली, आणि तुम्ही मनमाडकडून आलेल्या आगगाडीतून येवल्याला उतरता. दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू होऊन पाच वर्षं झाली, तरी गाडी बघायला पोरं अजून जमतात. गावातून हातमागांचा ठेका ऐकू येतो. पण तुमचं काम गावात नाही. तुम्ही पूर्वेची वाट धरता, राजापूर-ममदापूरच्या माळाची.

खिसे चाचपून बघा. विजेरी नाही. ती जन्माला यायला अजून पंधरा-सोळा वर्षं आहेत. गावात कुठं कुठं रॉकेलचा दिवा आला आहे, पण माळावर अजून रात्र म्हणजे रात्रच. आज तुम्हाला सशाच्या पारधीला जायचं आहे आणि ती करायची आहे एका दिव्यावर, एका घंटेवर आणि दोन कुत्र्यांवर.

काळी जमीन मागे पडते, पायाखाली मुरूम वाजायला लागतो. डावीकडे अंकाई-टंकाईचे सुळके तांबूस होत चाललेत. गुडघाभर वाळलेली कुसळी, मधूनच पवन्याचे आणि मारवेलाचे ठोंब, तरवडाची झुडपं, बोरीच्या जाळ्या, एखादा हिवर. धोतराच्या काठाला कुसळं टोचतात, ती उपटत बसू नका, आणखी शेकड्यांनी लागणार आहेत. लांबवर काळविटांचा कळप मान वर करून तुमच्याकडे बघतो आणि पुन्हा चरायला लागतो. अजून तरी माणसाचं त्यांना फारसं भय वाटत नाही.

नाल्याच्या काठाला, हिवराच्या आडोशानं तीन पालं दिसतात. ही फासेपारध्यांची वस्ती. पारध्यांतले काही गायीच्या आडून हरणाजवळ सरकतात, काही चित्ता पाळून काळविटावर सोडतात. हे मात्र फास लावणारे. तात आणि दोरी यांच्यावर त्यांचा संसार. आपसात बोलतात ती बोली गुजरातीच्या वळणाची आहे, ती तुम्हाला अर्धीमुर्धीच कळेल. तुमच्याशी ते मराठीतच बोलतील.

"या पाव्हणं, टेका हितं," पालातला म्हातारा घोंगडीची घडी पुढे सरकवतो. सगळे त्याला आबा म्हणतात, तुम्हीही म्हणा.

त्याची सून पायाच्या अंगठ्यात दोर अडकवून वाघूर सांधत बसली आहे. जवळ जाऊन बघा. वाघूर म्हणजे अंबाडीच्या सुताचं लांबच लांब, कमरेएवढ्या उंचीचं जाळं. एक घर फाटलंय, ते ती पुन्हा विणते आणि प्रत्येक गाठ मारण्याआधी त्या घरातून चार बोटं घालून बघते. सशाचं डोकं आत शिरलं पाहिजे, खांदे शिरता कामा नयेत. घर मोठं झालं तर ससा पार होतो, लहान झालं तर आपटून माघारी फिरतो. तिच्याकडे माप घ्यायला पट्टी नाही आणि तिला ती लागतही नाही.

ऊन उतरायच्या आत आबा तुम्हाला माळ दाखवायला नेतो. दिवसा माळ वाचला नाही तर रात्री दिवा घेऊन हिंडण्यात अर्थ नाही, हे त्याचं पहिलं सांगणं. नाल्याच्या वाळूत तो उकिडवा बसतो आणि बोट दाखवतो. पुढच्या पायांचे दोन लहान ठसे, जवळजवळ एकामागे एक. त्यांच्या पुढं, शेजारीशेजारी, दोन लांबट ठसे. हे लांबट ठसे मागच्या पायांचे. ससा उडी घेतो तेव्हा पुढचे पाय आधी टेकतात आणि मागचे पाय त्यांना ओलांडून पुढं पडतात. नवखा माणूस मोठे ठसे मागं समजतो आणि ससा गेला त्याच्या नेमका उलट्या दिशेला चालत सुटतो.

पुढं बांधाच्या कडेला लेंड्या पडल्यात, वाटोळ्या, थोड्या चपट्या. आबा एक बोटांत चुरडतो. आत नुसता गवताचा भुसा. जुनी लेंडी पिवळट आणि कोरडी, रात्रीची लेंडी काळपट आणि दमट. "काल हितं दोघं व्हते," तो म्हणतो. कशावरून, ते तुम्ही विचारता. तो विहिरीखालचा हिरवा तुकडा दाखवतो. हरभरा खळ्यावर गेला, ज्वारीची काढणी झाली, सगळा मुलूख वाळला. चैत्राच्या तोंडाशी हिरवं राहतं ते फक्त मोटेच्या पाण्यावर. अंधार पडला की ससा तिथं येणारच. दिवसभर तो माळावर बसतो, रात्री शिवारात उतरतो. त्याची रोजची वाट ठरलेली असते.

आता एका बोरीच्या बुडाशी बघा. गवत दबून झालेला वीतभर लांबीचा खळगा. हे सशाचं बसणं. आबा तळहाताची पालथी बाजू खळग्यात टेकवतो, मग तुमचा हात धरून तिथंच ठेवतो. जमीन किंचित कोमट लागते. तुम्ही येण्याआधी थोडाच वेळ तो इथं होता. इथला ससा बीळ खणत नाही. दिवसभर तो अशा उघड्या खळग्यात कान पाठीला चिकटवून बसतो आणि त्याचा सगळा भरवसा त्याच्या रंगावर. मानेवरचा काळा पट्टा सोडला तर तो वाळल्या कुसळीच्याच रंगाचा. बसायला येताना सरळ येत नाही. आल्या वाटेनं थोडा माघारी जातो, मग बाजूला लांब उडी घेतो आणि मग बसतो, म्हणजे वास काढत आलेलं कोल्हं उडीच्या जागी घोटाळून उभं राहावं. पिलं जन्मतात ती अंगावर केस असलेली आणि डोळे उघडे असलेली. उघड्यावर जन्माला येणाऱ्याला आंधळं राहून चालत नाही.

सात समुद्रापलीकडे, जिथून इथले कलेक्टर येतात त्या विलायतेत, याच साली सशाची शिकार वेगळ्या रीतीनं चालते. तिथला छोटा ससा जमिनीत बिळांचं जाळं करून राहतो. तिथले लोक फेरेट नावाचा मुंगसाएवढा लांबोडका पाळीव प्राणी बिळात सोडतात, बाहेरच्या तोंडांवर जाळी लावतात आणि घाबरून बाहेर आलेला ससा जाळ्यात पडतो. हाच ससा १८५९ साली टॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदारानं शिकारीची हौस म्हणून ऑस्ट्रेलियात सोडला आणि काही दशकांत त्या खंडाची कुरणं त्यानं फस्त केली. फेरेटला येवल्याच्या माळावर काही काम नाही, कारण ज्यात तो शिरेल असं बीळच इथला ससा करत नाही. जसा प्राणी तशी पारध. आबानं विलायत पाहिलेली नाही, पण हे तत्त्व त्याला तुमच्याआमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

दिवस मावळतो. पालावर भाकरी, लसणाची चटणी आणि कांदा मिळेल, पोटभर खा. मग वाट बघायची. तुम्हाला वाटेल, अंधार पडला की निघायचं. तसं नाही. वारा पडावा लागतो. ससा चरायला उतरून त्याचं भय मोडावं लागतं. आबा मधूनमधून ओल्या बोटानं वारा बघतो आणि पुन्हा चिलीम भरतो.

आकाशात अगस्ती दक्षिणेला खाली उतरलाय. इतके तारे तुम्ही कधी बघितले नाहीत, आणि इतका काळोखही. स्वतःचा हात डोळ्यांपुढे धरा, दिसणार नाही. चांदण्या रात्री ही पारध होत नाही. चांदणं असलं की सशाला लांबूनच हालचाल दिसते आणि दिव्याचं तेज पडत नाही. म्हणून अंधारी धरायची. महिन्यात हाताशी येतात त्या चार-सहा रात्री, आणि त्यांतल्याही वाऱ्या-पावसानं वाया जातात त्या वेगळ्या.

निघायची वेळ झाली. आबाचा लेक मडकं उचलतो. मडक्याच्या एका अंगाला मोठं भोक पाडलंय, आत करंजाच्या तेलात भिजलेली जाड वात. तो मडकं डोक्यावर घेतो, भोक पुढं. उजेड फक्त समोर पडतो, मडक्याच्या मागं मिट्ट काळोख. कमरेला काशाची घंटा. आबाच्या हातात दोन काठ्यांवर ताणलेलं हातजाळं. तुम्ही सगळ्यांत मागं. कुत्री पालावर बांधून ठेवली आहेत, त्यांची पाळी पहाटे.

"पाव्हणं, खोकू नका. आन् ह्याच्या सावलीतनं भायेर पडू नका," एवढं बोलून आबा गप्प होतो. आता पहाटेपर्यंत कुणी बोलणार नाही.

घंटा वाजायला लागते. पावलागणिक एक ठोका, कमी नाही, जास्त नाही. पहिल्यांदा तुम्हाला नवल वाटेल की शिकारीला निघालेली माणसं आवाज का करतात. थोडं चाललात की कळेल. वाळलेल्या गवतातून तीन माणसं बिनआवाज चालूच शकत नाहीत. काडी मोडणारच. पण घंटेच्या नादात काडीचा आवाज बुडून जातो, आणि एकसारखा येणारा नाद सशाला भीतीचा वाटत नाही. त्याला दचकवतं ते अचानक झालेलं आणि अचानक थांबलेलं. उजेडाचंही तेच. अंधाराला सरावलेल्या त्याच्या मोठ्या डोळ्यांवर सरळ ज्योत आली की ते दिपतात, दिव्यामागची माणसं त्याला दिसत नाहीत. तो ना पळायचं ठरवू शकत ना लपायचं. जागच्या जागी बसून राहतो.

पहिला ससा सुटतो. हिरव्या तुकड्याच्या बांधावर दोन ठिपके तांबडे चमकतात, आबा जाळं पुढं करतो, आणि त्याच क्षणी दिवेकऱ्याच्या तळव्यात बोरीचा काटा जातो. पाऊल अडखळतं, घंटेचा एक ठोका चुकतो. ठिपके विझतात. गवतात धप्प असा एक आवाज, मग काही नाही. कुणी कुणाला बोल लावत नाही. लेक उभ्याउभ्या काटा उपसतो आणि ठेका पुन्हा सुरू होतो.

दुसऱ्या वेळी तुम्हीच श्वास रोखून धरता. वीस पावलांवर ससा बसलेला. पंधरा. दहा. आता त्याच्या कानांच्या कडा दिसतात, नाक हलताना दिसतं. पाच. आबा वाकतो आणि जाळं वरून अलगद टेकवतो. घंटा अजून वाजतेच आहे. ती थांबते तेव्हा जाळ्यात दोन-अडीच किलोचं एक धडधडतं जित्राब असतं.

आबा हात घालून त्याला मानेला धरतो, दिव्यापुढं आणतो आणि पोट चाचपतो. मादी आहे. सडांभोवतीचे केस झडलेत, दाबल्यावर दूध येतं. तो खाली बसतो आणि हात मोकळा करतो. उजेडाच्या वर्तुळातून ती एका उडीत नाहीशी होते.

तुम्ही त्याच्याकडे बघता. गप्प राहायचा नियम तो या एका गोष्टीसाठी मोडतो. "पिलं गवतात बसल्यात. हिला धरली तर ती मरत्याल. मंग पुढल्या अंधारीला आपुन काय धरायचं?"

हे दयेचं बोलणं नाही. हा हिशेब आहे, आणि तो माळावर जगणाऱ्या माणसाचा हिशेब आहे. ज्याला इथंच परत यायचं आहे, त्याला माळ रिकामा करून चालत नाही. मडक्यातल्या दिव्याला तेल असतं तीन-चार प्रहरांचं, उजेड जातो वीसएक पावलं, पायांत जोर असतो दोन कोसांचा. हत्यारच इतकं तोकडं की हाव धरायला जागा नाही. पहाटेपर्यंत आणखी एक ससा मिळतो, नर. बस्स.

पूर्वेला चंद्राची बारीक कोर वर येते आणि आबा दिवा मालवतो. आता कुत्री.

दोन कुत्री आहेत. काळ्या गावठी, बुटका, नाकाचा पक्का. हरणी मात्र उंच, लांब तोंडाची, पोट पाठीला लागलेली. तिच्या बापाकडून तिच्यात कारवानी रक्त आलंय. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर दख्खनेत पसरलेली ही जात वासावर धावत नाही, नजरेवर धावते. पुढं मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे तिच्याच भाऊबंदांना राजाश्रय देतील, आणि २००५ साली मुधोळ कुत्र्याचं चित्र भारताच्या टपाल तिकिटावर येईल. या मुलखातलं कुत्र्या-माणसाचं नातं त्याहून किती जुनं! इथून दक्षिणेला, प्रवरेकाठच्या दायमाबादला, १९७४ साली तांब्या-काशाचा एक रथ सापडायचा आहे. दोन बैल, रथावर उभा माणूस, आणि दांडीवर एक कुत्रा. साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराला कुत्र्यावाचून रथ पुरा वाटला नाही. मालेगावजवळच्या चंदनपुरीला बाणाईसाठी येणाऱ्या खंडोबाच्या पायाशीही कुत्रा असतोच.

नाल्याच्या तोंडाला वाघूर आडवी लावलीय, खुंट्यांवर सैल सोडलेली. पोरं वरच्या अंगाला पांगतात. काळ्या झुडपाझुडपात नाक घालत येतो. एका तरवडाखाली तो थबकतो, शेपूट ताठ होते, आणि कुसळीचाच एक तुकडा उडाल्यासारखा ससा बाहेर पडतो. आबा हरणीच्या गळ्यातला दोर सोडतो.

आता डोळ्याची पापणी लववू नका. हरणीचं अंग धनुष्यासारखं वाकतं आणि सुटतं. वीस उड्यांत ती सशाला गाठते, तोंड पुढं घालते, आणि ससा जागच्या जागी काटकोनात वळतो. हरणीला तिचाच वेग आवरत नाही, ती दहा हात पुढं जाऊन धुळीत घसरते. ससा तोवर चढाला लागलेला. त्याचे मागचे पाय लांब, पुढचे आखूड. उताराला तो कोलमडेल, चढाला त्याचा हात कुणी धरू शकत नाही. दोनदा हरणी त्याला गाठते, दोनदा तो वळतो. टेकाडाच्या माथ्यावर पोचल्यावर तो एकदा थांबतो, कान उभारतो आणि पलीकडे उतरतो. हरणी जीभ काढून माघारी येते. आबा तिच्या फासळ्यांवरून हात फिरवतो. "पळाला त्यो आपला न्हवं," एवढंच बोलतो आणि वाघुरीकडे वळतो. तिथं पोरांनी हाकलेला एक ससा घरात मान अडकवून बसलाय.

उजाडता उजाडता तुम्ही वस्तीवरच्या एका कुणब्याच्या दारात उभे राहता. आबाची सून पुढं होते. "मामी, ससा आणलाय." घरधनीण बाहेर येते, ससा हातात तोलून बघते आणि सुपातून ज्वारी घालते, वर मिठाचे खडे. घरधनी दातवण करता करता म्हणतो, "ह्येनंच माझं हरभऱ्याचं दोन वाफं खाल्लं." शेतकऱ्याचं पीक राखलं जातं, पारध्याला दाणे मिळतात, माळावर ससे उरतात. या सौद्यात कुणी कुणाचा चोर नाही.

हा सौदा किती दिवस टिकतो ते बघायला तुम्हाला इथंच उभं राहायचं आहे. जागा तीच, नुसती वर्षं पुढं सरकू द्या.

आधी एक पाऊल मागं. गेल्याच वर्षी, १८८२ च्या एप्रिलात, ठाणे जिल्ह्यातल्या सोपाऱ्याला पंडित भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. हाच माणूस नाशिकच्या पांडवलेण्यांतले लेख वाचतो, आणि ते वाचन यंदा निघालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटिअरात आलं आहे. आठव्या लेखात अशोक सांगतो, की पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, तिथं मृगया चाले. आपण ती सोडली आणि धर्मयात्रा सुरू केली. राजानं स्वतःची हौस सोडली, एवढा त्याचा अर्थ.

आता या साहेबांच्या राज्यात बघा. तीन वर्षांपूर्वी, १८८० साली, विलायतेच्या पार्लमेंटनं तिथल्या कुळांना आपल्या शेतातले ससे मारायचा हक्क दिला. त्याआधी दोनच वर्षं, १८७८ च्या वन कायद्यानं इथल्या राखीव जंगलांत शिकारीवर सरकारचा अंमल बसला. छावणीछावणीतले साहेब मात्र सरमिसळ कुत्र्यांचा तांडा बाळगून कोल्ह्या-सशांमागं घोडे घालतातच. १८७१ साली उत्तरेत गुन्हेगार जमातींचा कायदा आलाय. १९११ च्या नव्या कायद्यानं त्याचा फास मुंबई इलाख्यापर्यंत येतो. तुमच्या डोळ्यांदेखत तीन पालांचा हिशेब पोलिसाच्या वहीत जातो. हजेरी द्यायची, गाव सोडताना परवानगी काढायची. पाठोपाठ १९१२ चा पशुपक्षी संरक्षण कायदा येतो आणि संरक्षित प्राण्यांच्या यादीत ससाही बसतो. माळावर रात्री हिंडणं हे ज्याचं पोट, त्याचं रात्री हिंडणंच गुन्ह्याचा पुरावा ठरतं. दुधाळ मादी सोडून देणाऱ्या माणसाला कायद्यानं जन्मानं चोर ठरवलं.

१९५२. ऑगस्टची ३१ तारीख. तो कायदा रद्द होतो, विमुक्त हा शब्द येतो. वहीतलं नाव खोडलं जातं, गावकऱ्याच्या आणि पोलिसाच्या मनातलं खोडलं जात नाही. कुठं चोरी झाली की आधी पालावर धाड, हे तुम्ही पुढची कित्येक वर्षं बघत राहाल.

१९७२. महाराष्ट्र दुष्काळात होरपळतो आहे आणि दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा होतो. लहान शिकारीचा परवाना मिळायची सोय त्यात अजून आहे. पण माळावर आता जीप आलीय. तिच्या टपावर बॅटरीवरचा मोठा झोत, मागं बंदुका. दिवा पूर्वी पायांच्या वेगानं चालत होता, आता चाकांच्या वेगानं चालतो. उजेड वीस पावलांचा होता, आता शेकडो पावलांवर पडतो. ठेका नाही, वाट बघणं नाही, पोट चाचपून बघणं नाही. झोतात जे डोळे चमकतील ते मारायचे. त्याच युक्तीत तिची मर्यादा तेवढी काढून घेतली आणि माळ ओस पडायला लागला. १९९१ च्या दुरुस्तीनं शिकार जवळजवळ संपूर्णपणे बंद झाली, आणि ते बरोबरच झालं. मोटारसायकल आणि विजेरी हातात आलेल्या काळात सशाला दुसरं कुठलं कवच उरलेलं नव्हतं.

आता तुम्ही तुमच्या काळात पोचला आहात. तोच माळ. कूपनलिका झाल्या, कांदा झाला, जिथं पाणी पोचलं तिथं कुसळी नांगरली गेली. सरकारी नकाशात उरलेल्या माळाचा रंग पडीक जमिनीचा. कुणी तिथं झाडं लावायला निघतं, कुणी कारखाना. गवत हीच या जमिनीची समृद्धी आहे, हे नकाशाला माहीत नाही. पण ममदापूर-राजापूरच्या टापूत काळविटांसाठी राखलेलं संवर्धन राखीव क्षेत्र आहे, आणि काळवीट राखलं की त्याच गवतात ससा, खोकड, लांडगा, तित्तीर आपोआप राखले जातात. रात्री उसाच्या कडेनं बिबट्या फिरतो, त्यालाही ससा लागतो. गवत गेलं की ही सगळी साखळी तुटते आणि उपाशी जनावर गोठ्याकडे वळतं.

राखण करायची तर माळ वाचता आला पाहिजे. वाळूतला ठसा कुठल्या दिशेचा, लेंडी रात्रीची की परवाची, खळगा कोमट की गार, मादी दुधाळ की रिकामी. एवढं सगळं ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या येत होतं, त्यांची पोरं आज कुठं सिग्नलवर फुगे विकतात, कुठं दुसऱ्याच्या रानात मजुरी करतात. त्यांच्या आज्याची विद्या एका पिढीत संपू शकते. ती संपू न देता कामाला लावता येते, हे अकोला-वाशिम भागात दिसलं आहे. कौस्तुभ पांढरीपांडे आणि त्यांची 'संवेदना' ही संस्था तिथं फासेपारधी समाजाबरोबर काम करते. ज्यांनी तणमोर आणि तित्तीर फासात धरले, त्याच घरांतली माणसं तिथं माळरानं राखतात, चराई ठरवतात, पक्ष्यांवर नजर ठेवतात.

हे नाशिक जिल्ह्यातही व्हायला हवं. येवला, नांदगाव, सिन्नरच्या माळांवर फासेपारध्यांच्या मुलांना पगारी राखणदार म्हणून घ्यावं. ठसे मोजायला, वणवा रोखायला, रात्री झोत मारत हिंडणाऱ्या मोटारसायकली अडवायला त्यांच्याइतकं लायक कुणी नाही. वाघूर आणि घंटा परत आणायची नाही, ती पारध संपली ते योग्यच. पण त्या पारधीमागची नजर आणि "पुढल्या अंधारीला काय" हा प्रश्न, या दोन गोष्टींवाचून माळ वाचणार नाही. ज्यांना आपण शंभर वर्षं रात्री माळावर दिसले म्हणून पकडलं, त्यांच्याच हाती आता रात्रीचा माळ सोपवावा. त्यात त्यांचा मान आहे आणि माळाचा जीवही.